मातीच्या भांड्याला चकाकी आणायची म्हणून या गड्यानं घरातली टेबलं आणि जमिनीच्या फळ्या भट्टीत घातल्या

सध्या मोबाईल उघडला की सिरॅमिक कोटिंगची जाहिरात दिसतेच. आधी हे प्रकरण गाड्यांपुरतं होतं. आता किचनच्या ओट्याला कोटिंग, बेसिनला कोटिंग, बाथरूमच्या टाईल्सला कोटिंग, शेगडीच्या काचेला कोटिंग. बाटलीतलं द्रव फडक्यावर घ्यायचं, पुसायचं, की हळदीचा डाग बसणार नाही आणि तेल चिकटणार नाही, असं सांगतात.

पण गंमत अशी की, तुमच्या घरात सिरॅमिक कोटिंग आधीपासूनच आहे. लोणच्याची बरणी, चहाचा कप, बाथरूमची टाईल, कमोड, सगळ्यावर आहे. एखादी फुटलेली टाईल हातात घेऊन तिची कड बघा. आत खरबरीत भाजलेली माती आणि वर काचेसारखा पातळ थर. त्या थराला आपण झिलई म्हणतो, कारखान्यात ग्लेझ म्हणतात. मूळ सिरॅमिक कोटिंग म्हणजे हेच.

हा थर नसेल तर काय होतं, ते आपला माठ सांगतो. माठाला बारीक छिद्रं असतात, त्यातून पाणी पाझरतं, म्हणून ते गार राहतं. पाण्याला हे चालतं. पण त्याच माठात तेल किंवा लोणचं भरून ठेवलं, तर माती ते पिऊन टाकते आणि वास कायमचा बसतो. म्हणून मातीवर काच वितळवून बसवायची.

वाक्य सोपं आहे. पण सोळाव्या शतकात फ्रान्समधल्या एका माणसानं हे कुणीही न शिकवता शोधून काढायचं ठरवलं, आणि त्यात त्याची पंधरा-सोळा वर्षं, घरातलं फर्निचर आणि गावातली पत गेली.

त्याचं नाव बर्नार्ड पालिसी.

जन्म १५१० च्या आसपास, फ्रान्सच्या नैऋत्य भागात. नेमकं गाव कोणतं यावर अभ्यासकांचे वाद आहेत, ते आपण त्यांच्यावर सोडू. घरची परिस्थिती बेताची. लॅटिन येत नाही, ग्रीक येत नाही, आणि त्या काळात ज्याला लॅटिन येत नाही तो शिकलेल्यांच्या लेखी अडाणीच. धंदा काचेवर रंगकाम करण्याचा. चर्चच्या खिडक्यांमध्ये रंगीत काचांची चित्रं असतात, ते काम. त्याच्या जोडीला जमीन मोजणं आणि नकाशे काढणं त्याला येत होतं. बरीच भटकंती करून १५३९ च्या सुमारास तो सांत नावाच्या गावात स्थिरावला. बायको, पोरं, छोटं घर, मागं बाग. काम असेल तेव्हा चूल पेटायची.

आणि मग त्याला कुणीतरी एक कप दाखवला.

मातीचाच कप, पण त्यावर असा काही चकचकीत लेप होता की पालिसीचं डोकंच फिरलं. तो कप इटलीतून आला होता, असं बरेच जण मानतात. काही जण चिनी पोर्सेलीनचंही नाव घेतात. कप कुठलाही असो, त्या दिवसापासून पालिसीच्या डोक्यात एकच किडा वळवळायला लागला. हा लेप कशाचा आहे आणि तो मला का येऊ नये?

आता खरं सांगायचं तर हा लेप जगाला नवा नव्हता. नवव्या शतकात इराकमधले कुंभार चिनी भांड्यांची नक्कल करताना झिलईत कथील घालत होते. तिथून ही विद्या स्पेनला गेली, मग इटलीला. फ्लोरेन्समध्ये लुका देला रोबिया नावाच्या शिल्पकारानं पालिसीच्या जन्माआधीच मातीच्या मूर्तींना अशीच पांढरी-निळी झिलई चढवून त्या भिंतींवर बसवल्या होत्या. ऊन-पावसात त्या आजही टिकून आहेत. म्हणजे पालिसी उठून इटलीला गेला असता आणि एखाद्या कारखान्यात उमेदवारी केली असती, तर त्याची निम्मी वर्षं वाचली असती. पण कारखानदार आपली कृती बाहेर जाऊ देत नव्हते, आणि हातावर पोट असलेल्या माणसाला घर सोडून परदेशी जाणं जमणारं नव्हतं. त्यानं अंधारात चाचपडत शोधायचं ठरवलं. आणि त्याला तर माती कशी मळतात हेही माहीत नव्हतं.

त्याची पद्धत मात्र बघण्यासारखी आहे. बाजारातून मातीची भांडी आणायची, ती फोडून खापऱ्या करायच्या. वेगवेगळे पदार्थ कुटून त्यांची मिश्रणं बनवायची, प्रत्येक खापरीवर एक मिश्रण लावायचं, खापरीवर खूण करायची आणि कोणत्या खुणेला काय लावलं ते लिहून ठेवायचं. मग सगळं भट्टीत. आजच्या प्रयोगशाळेत यापेक्षा वेगळं काही करत नाहीत.

पण भट्टी त्यानं स्वतःच बांधली होती, आणि भट्टीतलं त्याला काही कळत नव्हतं. कधी आच कमी, कधी जास्त. महिने गेले, लाकूड गेलं, पैसे गेले. मग त्यानं तीन-चारशे खापऱ्या लांबच्या कुंभारांकडे पाठवल्या आणि तुमच्या भट्टीत भाजून द्या म्हणून सांगितलं. परत आल्या तेव्हा एकही वितळलेली नव्हती. कारण साधं होतं, पण ते कळायला त्याला वर्षं लागली. कुंभाराची भट्टी माती भाजण्याइतकी तापते. त्याचं मिश्रण वितळायला त्याहून जास्त आच लागत होती.

हातातलं सगळं संपल्यावर तो पुन्हा काच रंगवायला लागला. तेवढ्यात सरकारी काम मिळालं. १५४३ मध्ये राजाला मिठावरचा कर नीट वसूल करायचा होता, त्यासाठी सांतजवळच्या समुद्रकाठच्या मिठागरांचे नकाशे हवे होते. मोजणी येणारा माणूस गावात कोण, तर पालिसी. मिठावरचा कर किती नावडता असतो, हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको. पालिसीला मात्र त्या करानं चार पैसे मिळवून दिले. हे पैसे घरात राहतील असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्हाला पालिसी अजून कळला नाही.

या वेळी तो काचवाल्यांच्या भट्टीकडे गेला, कारण ती जास्त तापते. आणि काही मिश्रणं वितळायला लागली. पुढं दोन वर्षं तो हेच करत राहिला. शेवटी आता ही शेवटची खेप असं ठरवून तो तीनशेहून जास्त नमुने घेऊन गेला. त्यातली एक खापरी चार तासांत वितळली. गार झाल्यावर बघतो तर पांढरी, गुळगुळीत, चमकदार. आपण नवा जन्म घेतला असं त्याला वाटलं.

इथं सिनेमा संपला असता. पण पालिसीचे खरे हाल इथून सुरू झाले.

एका खापरीवर जमलेली गोष्ट पूर्ण भांड्यावर जमवायची होती. त्यासाठी काचवाल्यांसारखी भट्टी स्वतःच्या घराशेजारी हवी. गवंडी ठेवायला पैसे नव्हते, म्हणून विटा पाठीवरून वाहून आणल्या, चुना-माती कालवली, पाणी स्वतः ओढलं. सात-आठ महिने भांडी घडवण्यात गेले. मग झिलईचं मिश्रण जात्यावर दळायचं काम, तेही रात्रंदिवस. भांड्यांना लेप लावून भट्टी पेटवली आणि तो भट्टीसमोर बसला.

सहा दिवस आणि सहा रात्री लाकडं घालत होता. लेप वितळायला तयार नाही.

त्याला वाटलं, मिश्रणात वितळवणारा पदार्थ कमी पडला. भट्टी विझू न देता त्यानं बाजूला नवं मिश्रण दळलं. स्वतःची भांडी तर आधीच आगीत होती, म्हणून बाजारातून नवी भांडी विकत आणली, त्यांना लेप लावला, आत घातली. आणि तेवढ्यात लाकूड संपलं.

आता विचार करा. भट्टी विझली तर केलेलं सगळं वाया. गावात उधार कुणी देत नाही. पालिसीनं आधी बागेतल्या वेलींचे आधाराचे खांब उपटून घातले. ते जळून गेले. मग घरातली टेबलं आणली. तीही गेली. मग घरातल्या जमिनीच्या लाकडी फळ्या उखडल्या आणि त्याही भट्टीत टाकल्या.

गावात बोंब झाली की पालिसी स्वतःचं घर जाळतोय. काही जण म्हणाले वेडा झाला. काहींनी तर तो चोरून खोटी नाणी पाडतोय अशी अफवा उठवली, कारण रात्रंदिवस भट्टी पेटलेली आणि बाहेर काहीच येत नाही. महिनाभर त्याच्या अंगावरचा सदरा घामानं सुकला नव्हता. दोन लेकरं दाईकडे होती, त्यांचे पैसे थकलेले.

आणि एवढं करून त्या भट्टीनं त्याचं नशीब काही उघडलं नाही. कर्ज मात्र वाढलं.

मदतीला म्हणून त्यानं एक कुंभार ठेवला. सहा महिन्यांनी त्याला द्यायला पैसे नव्हते, तर पगारापोटी स्वतःच्या अंगावरचे कपडे दिले. भट्टी मोडून पुन्हा बांधताना बोटं इतकी कापली की चिंध्या बांधलेल्या हातानं जेवावं लागे. पुढच्या खेपेला लेप छान वितळला, पण भट्टी बांधायच्या गाऱ्यात गारगोटीचे खडे राहिले होते. आच लागल्यावर ते तडकून उडाले आणि वितळलेल्या लेपात रुतून बसले. भांडी सुंदर, पण हात फिरवला तर चिरेल अशी धार. लोक स्वस्तात ती घ्यायला तयार होते. पालिसीनं सगळी फोडून टाकली. खराब माल विकला तर नाव कायमचं जाईल, हा त्याचा हिशोब.

धंद्याच्या दृष्टीनं हिशोब बरोबर असेल. पण घरात खायला नसताना विकता येणारी भांडी फोडणारा नवरा ज्या बाईनं बघितला, तिचं काय? पालिसीनं हे सगळं म्हातारपणी स्वतःच लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला माहीत आहे. त्या कहाणीत त्याची बायको येते ती फक्त त्याला बोल लावणारी म्हणून. तिचं नावही तो देत नाही. शेजाऱ्यांच्या टोमण्यांबरोबर त्यानं तिचा रागही आपल्या हालांच्या यादीत घातला. आम्हाला विचाराल तर तिचा राग अगदी रास्त होता. त्या जमिनीवर तिचीही पोरं झोपत होती.

पण एक मान्य करायला हवं, प्रत्येक फजितीतून हा माणूस काहीतरी शिकत होता. पुढच्या एका भट्टीत राख उडून लेपाला चिकटली, तर त्यानं भांडी मातीच्या डब्यात झाकून भाजायला सुरुवात केली. मग कळलं की वेगवेगळे रंग वेगवेगळ्या वेळी वितळतात. एक रंग वितळेपर्यंत दुसरा जळून जातो. त्यांचा मेळ घालायला आणखी काही वर्षं गेली.

आता त्याला एवढं झगडावं का लागलं, ते जरा समजून घेऊ. लेपातला मुख्य पदार्थ वाळू, म्हणजे सिलिका. नुसती सिलिका वितळायला १७०० अंश सेल्सियसच्या आसपास तापमान लागतं. तेवढ्या आचेत खालचं साधं मातीचं भांडंच बसून जाईल. म्हणून सिलिकेत शिसं किंवा क्षार घालतात, मग ती बऱ्याच कमी आचेला वितळते. असा लेप पारदर्शक असतो, खालची तांबडी माती दिसते. पांढरा हवा असेल तर कथील घालायचं. हे तेच कथील, ज्यानं आपल्याकडे पितळेच्या पातेल्याला कल्हई करतात. कथिलाचे बारीक पांढरे कण काचेत तसेच राहतात आणि लेप दुधासारखा दिसतो. तांब्यानं हिरवा, कोबाल्टनं निळा, मँगनीजनं जांभळा-तपकिरी.

खरी मेख पुढं आहे. भट्टी गार होताना माती आकसते आणि लेपही आकसतो. दोघांचं आकसणं जुळलं नाही, तर लेपावर केसासारख्या भेगांचं जाळं पडतं किंवा लेप पापुद्र्यासारखा सुटतो. जुन्या कपाच्या आत चहानं तपकिरी झालेल्या रेघांची जाळी तुम्ही पाहिली असेल, ते हेच. म्हणजे झिलई नुसती वरून लावून भागत नाही, ती खालच्या मातीशी जमवावी लागते.

बाटलीतल्या आजच्या कोटिंगचा नियमही फार वेगळा नाही. त्यातही बहुतेक सिलिकेचीच संयुगं असतात, फक्त ती भट्टीत न जाता हवेत सुकून घट्ट होतात. म्हणून तो थर अतिशय पातळ असतो आणि घासून घासून जातो. आणि खालचा पृष्ठभाग तेलकट किंवा ओला असेल तर तो नीट धरतच नाही. लावायच्या आधी साफ करून कोरडं करा असं बाटलीवर लिहिलेलं असतं, ते उगाच नाही. टाईलवरची मूळ झिलई आगीतून आलेली असते, ती पिढ्या टिकते.

शिशाचं मात्र लक्षात ठेवा. शिसं घातलेल्या झिलईत आंबट पदार्थ ठेवला तर शिसं त्यात उतरतं आणि ते विषारी असतं. म्हणून शोभेसाठी घेतलेल्या, कृती माहीत नसलेल्या रंगीत मातीच्या भांड्यात लोणचं, दही किंवा चिंचेचं काही ठेवू नका.

पालिसीच्या काळात ही काळजी कुणी करत नव्हतं. तसंही त्याच्या ज्या भांड्यांनी नाव काढलं, ती जेवायची नव्हतीच. पांढऱ्या कपामागं निघालेला हा माणूस पोचला भलतीकडेच. त्यानं मोठमोठी ताटं केली, ज्यांच्यावर साप, सरडे, बेडूक, मासे, शिंपले आणि नेच्याची पानं अगदी जिवंत वाटतील अशी बसवलेली. ती हातानं कोरलेली नव्हती. मेलेल्या प्राण्यांचे साचे काढून त्यातून ती ओतली होती, आणि वर त्याच्या हिरव्या-निळ्या-तपकिरी झिलया. ओल्या दगडावर सरडा बसलाय असं वाटावं. श्रीमंतांना हे प्रचंड आवडलं.

त्यातला पहिला मोठा आश्रयदाता म्हणजे फ्रान्सचा सेनापती आन द मोंमोरांसी. १५४८ मध्ये त्याच मिठाच्या कराविरुद्ध या भागात उठाव झाला, तो मोडायला हा आला होता. त्यानं पालिसीचं काम पाहिलं आणि त्याच्याकडून एक आख्खी कृत्रिम गुहा बनवायची ठरवली, भिंतींवर झिलईचे प्राणी असलेली.

पैसा आला, पण वेगळं संकट उभं राहिलं. पालिसी प्रोटेस्टंट झाला होता आणि फ्रान्समध्ये कॅथलिक-प्रोटेस्टंट युद्ध पेटलं होतं. त्याला अटक झाली, कारखान्याची नासधूस झाली, फाशीची वेळ आली. तेव्हा मोंमोरांसीनं राजमाता कॅथरीन द मेदिचीकडे शब्द टाकला. पालिसीला राजाचा मातीकामाचा कारागीर असा किताब मिळाला. राजाच्या माणसाला स्थानिक कोर्ट हात लावू शकत नव्हतं. सेनापती आणि राजमाता दोघंही कट्टर कॅथलिक बाजूचे, पण सरडे त्यांनाही हवे होते.

पुढं तो पॅरिसला गेला. कॅथरीनच्या ट्युलरी राजवाड्याच्या आवारात त्याच्या भट्ट्या लागल्या. १५७२ मध्ये पॅरिसमध्ये प्रोटेस्टंटांची कत्तल झाली, त्यातूनही तो वाचला. १५७५ पासून त्यानं चक्क व्याख्यानं द्यायला सुरुवात केली. प्रवेश फी एक सोन्याचं नाणं, आणि सांगितलेलं खोटं ठरवून दाखवलं तर चौपट परत. ऐकायला डॉक्टर, वकील यायचे, प्रसिद्ध शल्यचिकित्सक आंब्र्वाज पारेसुद्धा आला होता. लॅटिन न येणारा हा म्हातारा त्यांना सांगत होता की, डोंगरातल्या दगडात सापडणारे शिंपले हा निसर्गाचा खेळ नसून ते एकेकाळी जिवंत प्राणी होते. आणि झऱ्यांचं पाणी पावसाचंच असतं. शेतकऱ्यांना तर त्यानं आधीच्या पुस्तकात बजावलं होतं की शेणखत उघड्यावर ठेवू नका, पावसानं त्यातला कस वाहून जातो.

१५८० मध्ये त्याचं मोठं पुस्तक आलं. भट्टीची सगळी कहाणी त्यातच आहे. झिलईत काय काय घालायचं याची यादीही त्यानं दिली. कथील, शिसं, लोखंड, अँटिमनी, तांबं, वाळू. प्रमाण मात्र कशाचंच दिलं नाही. पंधरा वर्षांचा हिशोब एका पानात द्यायला तो तयार नव्हता.

१५८८ च्या सुमारास पॅरिस कट्टर कॅथलिक गटाच्या हातात गेलं आणि ऐंशीच्या घरातल्या पालिसीला पुन्हा पकडलं. धर्म बदल, सोडतो, असा प्रस्ताव होता. तो बदलला नाही. राजा स्वतः तुरुंगात भेटायला आला आणि पालिसीनं त्याला बाणेदार उत्तर दिलं, अशी एक गोष्ट सांगितली जाते, पण इतिहासकारांना ती रचलेली वाटते. १५८९ किंवा १५९० मध्ये तो बॅस्टिलच्या तुरुंगात मेला.

नंतर दोन-अडीचशे वर्षं त्याचं फारसं कुणाला पडलं नव्हतं. एकोणिसाव्या शतकात त्याची लाट आली. सॅम्युएल स्माइल्सनं १८५९ च्या सेल्फ हेल्प या पुस्तकात त्याला चिकाटीचा नमुना म्हणून उभा केला. फ्रान्समध्ये त्याचे पुतळे उभे राहिले, एक सेव्ह्रच्या सिरॅमिक संग्रहालयासमोर आहे. इंग्लंड, पोर्तुगालपर्यंत त्याच्या सापा-सरड्यांच्या ताटांच्या नकला निघाल्या, इतक्या की संग्रहालयांमध्ये पालिसीची म्हणून ठेवलेली कित्येक ताटं नंतर दुसऱ्यांची निघाली.

त्याचं खरं काम कसं होतं, ते कळायला जमीन खणावी लागली. पॅरिसमध्ये लूव्र संग्रहालयाच्या विस्तारासाठी १९८० च्या दशकात खोदकाम झालं, तेव्हा ट्युलरीच्या जागेत त्याच्या कारखान्याचा कचरा सापडला. प्राण्यांचे साचे, भाजताना फसलेले तुकडे, झिलई चढवून पाहिलेल्या खापऱ्या. त्यातले बरेच तुकडे आता पॅरिसजवळ एकूआंच्या किल्ल्यातल्या संग्रहालयात आहेत. हा किल्ला एकेकाळी त्याच मोंमोरांसीचा होता.